स्थळ

गाडी थांबली तेव्हा दौलत गांगुर्डे
काच खाली करून म्हणाला,
"स्थळ पाहायला आलोय."
कुंपणापलीकडं हौसाबाई सांगळेंनी पदर सावरला:
"मुलगा काय करतो?"

मुलगा, बाई, धूर आहे.
एकलहऱ्याच्या चिमणीत राहतो,
अंगाला राख, गंधक, ओल.
त्याला धुऊन, पुसून, वेगळा काढून
हायड्रोजनशी उजवायचा आहे.
जमलंच, तर मिथेनॉल होईल,
रंगांत जाईल, औषधांत,
प्लायवूडच्या पापुद्र्यांमधल्या डिंकात.

हे मी मोठ्यानं बोलले नाही.
नुसती हसले, आणि बाटली पुढं केली.
"टँकरचं आहे," हौसाबाई म्हणाल्या, "पण गार आहे."
काठोकाठ भरून दिली.

माझ्याकडं तक्ता आहे, शंभर गुणांचा.
वायूला पंचवीस, विजेला वीस, पाण्याला वीस,
मग रूळ, रस्ता, वाऱ्याची दिशा,
गिऱ्हाईक किती कोसांवर.
दौलत म्हणतो, ताई, छत्तीसांत भागत होतं की.
तरी संसार मोडायचेच.

काल दिंडोरीकडं वाइनरीत होतो.
तिथला वायू सोवळा.
रस फसफसला की आपसूक सुटतो.
तळघरात सुदाम बोरस्ते म्हणाला, वाकू नका.
त्यानं काडी पेटवली, चिमट्यात धरून खाली नेली.
गुडघ्यापाशी ज्योत बारीक झाली,
पोटरीपाशी नव्हतीच.
"इथं बसलेला असतो तो."
घरातल्या थोरल्या, अबोल माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाला.
मी लिहिलं: शुद्धता उत्तम. मुक्काम तीन महिने.
उरलेले नऊ महिने यंत्रांनी काय करायचं,
याला रकाना नाही.

एकलहऱ्याला सगळं आहे.
रूळ दारात, नदी हाकेवर, वायू बारमाही.
पण चिमणी म्हातारी,
आणि तिचा धूर थांबावा म्हणूनच तर ही खटपट.
ज्याचं मरण मागतोय
त्याच्याच भरवशावर वीस वर्षांचा संसार मांडायचा?
साहेब म्हणाले, तत्त्वज्ञान नको, आकडा टाका.
टाकला. एकाहत्तर.

राहिलं हे सिन्नरचं माळरान.
ऊन फुकट, वारा असा की तक्ता उडतो,
जमिनीचे सातबारे कोरे, स्वच्छ.
एक किलो हायड्रोजनला दहा लिटर पाणी लागतं,
आणि आम्हाला दिवसाला टनांनी हवा.

रात्री नाशिकरोडच्या लॉजवर
पाण्याच्या रकान्यात शून्य लिहायचं होतं.
टेबलावर ती बाटली, अजून अर्धी.
मी आधी ती संपवली.
मग पेन्सिलीनं शून्य काढलं. फिकट.

सकाळी दौलतचा फोन वाजला.
हौसाबाईंनी नंबर कधी घेतला कोण जाणे.
"पसंत आहे का म्हणून विचारतायत," तो म्हणाला,
फोनवर तळहात ठेवून.
मी म्हटलं, सांग, मुलाकडचं अजून ठरत नाही.
आणि विचार,
टँकर कुठून भरून येतो?