दोन डाग

झांबोआंगामागच्या जंगलात लावानचं झाड पडलं त्या वर्षी
तिओ क्रिसान्तोनं खांद्यावरून हे घरी आणलं,
कोबीच्या गड्ड्याएवढं,
मुंग्यांसकट.

तिया उर्सिंगनं फळीवर काथ्या ठोकला,
मासे धरायच्या दोरीनं ते बांधलं,
पाठीमागे केळ्याची साल सारली
आणि म्हणाली, बांडगूळ नाही हे.
झाडावर राहतं, झाडाचं खात नाही.
वरून पडेल ते, पाचोळा, पाखरांची घाण, पाऊस,
ओंजळीत धरतं आणि त्यावर भागवतं.

तपकिरी झालेलं पान मी खुडायला गेले
तर हातावर चापट बसली.
वाळलं म्हणजे मेलं नव्हे गं. ढाल आहे ती.

नाव विचारायचं नाही.
लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात,
आपल्या बेटावरचं, आणि ते ऑस्ट्रेलियाचं,
बाजारात साठ पेसोला मिळतं ते.
शिंगं फुटू देत.
मग पानाच्या बेचक्यात, उलट्या अंगाला,
बीजाणू धरतील.
एक डाग असला तर पाहुणं.
दोन असले तर आपलं.

सात वर्षं.
त्यात माझी शाळा संपली,
तिओ जहाजावर गेला, अधू गुडघा घेऊन परतला,
फळी दोनदा कुजली.

मार्चमध्ये तिनं मला स्टूल धरायला लावलं.
पान उलटलं.
चष्मा वर केला, खाली केला.
दालचिनीच्या रंगाचे, हाताळलेल्या मखमलीसारखे
दोन.

वाटलं, ओरडेल.
ती मुकाट खाली उतरली,
बोटांवरची तांबूस पूड
उकळून घेतलेल्या विटेवर झटकली,
वर बरणी पालथी घातली.

संध्याकाळी दावाओचा एल्पिदियो आला.
गाडीत दोन पोरं, झाडावर चढायचे दोर, पोती.
हे कुठलं, तिया? कुठल्या डोंगरातलं?
फळीवर पट्टी लटकत होती, शाई अजून ओली:
ऑस्ट्रेलियन. कीड आहे.

पान उलटून बघायला स्टूल लागतं.
स्टूल मी स्वयंपाकघरात नेलं होतं
आणि त्यावर बसून
लसूण सोलत होते, गरजेपेक्षा जास्त.

आता विटेवर हिरवा ओशट थर आलाय,
बुळबुळीत, शेवाळ म्हणून कुणी पुसून टाकेल असा.
तिया रोज बरणीवर वाकते.
मी काही विचारत नाही.