कप्पी

इंजिनाचा आवाज ऐकून
कुठला वॉल्व रुसलाय ते मी डोळे मिटून सांगतो.
पण नानुली इटलीला गेली त्या एप्रिलात
ओली चादर हातांवर घेऊन
मी बाल्कनीत उभा राहिलो,
मेलेलं मेंढरू कुणी सोपवल्यासारखा.

वय पंचावन्न. गाव कुताइसी.
तिसरा मजला, बाल्कनीपासून खांबापर्यंत
कप्पीवर फिरणारी दोरी,
आणि खाली अंगण, म्हणजे
अकरा खिडक्या, अकरा मतं.

"बादरी, आधी झटक!" त्सियाला वरून ओरडली.
झटकलं.
चष्मा गेला खाली, वालिकोच्या टोमॅटोंत.

मग कळत गेलं. एकदम नाही.
सदरा खांद्यांना टांगला तर खांद्यांना शिंगं फुटतात,
तो खालच्या काठाला धरायचा, उलटा.
मोठं आधी घालायचं, ते लांब सरकतं.
मोजे बोटांकडून, म्हणाली गुलनाझी.
मोजे तोंडाकडून, म्हणाली त्सियाला.
माझ्या मोज्यांपायी दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या.
आणि आतले कपडे दोन चादरींच्या मध्ये,
हे कुणी शिकवत नाही.

लाल टेबलक्लॉथची गोष्ट सांगत नाही.
एवढंच, की गुलाबी सदरा घालून गॅरेजात गेलो
आणि कुणीच हसलं नाही.
हसले असते तर बरं झालं असतं.

रात्री फोन. ती बारी नावाच्या गावात,
नव्वदीच्या एका म्हातारीच्या उशाशी.
दिवसा गच्चीवर परक्या बाईची झगे वाळत घालते.
विचारलं, लोकर कशी धुवायची?
म्हणाली, "स्वतःचं डोकं धुतोस तशी. कोमट, आणि..."
तिकडे म्हातारीची घंटा वाजली.
अर्ध्या वाक्याला चिमटा लावून
मी ते तसंच ठेवलं.

एक मात्र मला येत होतं.
आमच्या कप्पीला मी तेल दिलं.
दुसऱ्या दिवशी अंगणानं रांग लावली.
कुणी आलुबुखारच्या आंबट चटणीची बरणी दिली,
कुणी चीज भरलेली गरम पोळी,
आणि प्रत्येकीनं वर एक सूचना.
फक्त म्हातारी मेदिको नको म्हणाली.
"कुरकुरते म्हणून तर लोकांना कळतं
मी आज उठले ते."

तिसऱ्या वर्षी, ऑगस्टात, नानुली आली.
बारा दिवस.
पहिल्या सकाळी मला जाग यायच्या आत
तिनं कपडे धुऊनही टाकले होते.
दोरी ओढली. आवाज नाही.
तिनं हात काढून घेतला,
चुकून दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवल्यासारखा.
मग माझा सदरा खांद्यांना लावू लागली.

"खालून," मी म्हणालो.
गेलं तोंडातून.

अकराही खिडक्या गप्प.
असं आमच्याकडे फक्त मयताला होतं.
तिच्या दातांत चिमटा होता, तो तिनं काढला.
"बाकीचे कुठे ठेवतोस?"
स्टुलाखाली, जुन्या एअर फिल्टरच्या डब्यात,
पण हे सांगताना मला
माझंच घर दुसऱ्याचं वाटलं, नाहीतर तिचं,
नीट सांगता येत नाही.

राहिली चादर.
ती मी आजवर बाल्कनीच्या गजाला बांधून पिळत आलो,
एकट्याला दुसरं टोक कुठलं.
तिनं एक टोक पुढे केलं.
धरलं. पीळ दिला.
दोघांनीही एकाच बाजूला.
चादर आमच्या मधे नुसती गरगरत राहिली,
थेंब निघेना.

खाली मेदिकोची कप्पी कुरकुरली.
आणि वरून, बऱ्याच वेळानं, त्सियाला:
"अरे, एकानं तरी उलटं वळवा!"

कोणी, ते तिनं सांगितलं नाही.