पंधरावा

योजनेला पंधरा माणसं लागत होती.
नवीन, स्थानिक, हजेरीपटावरची.
आमची चौदा भरली.

अंबडच्या गाळ्यात जानेवारीत पत्रा असा गारठतो
की मी बोटं कापलेले हातमोजे घालून टाइप करते.
सीए वडनगरे फोनवर ओरडत होते,
बाई, एका डोक्यापायी सगळा परतावा घालवता का?
मालकाच्या वाट्याचा पीएफ परत येतोय,
वीज शुल्क माफ होतंय,
जीएसटीतलं थोडं उलटं वळतंय.
एकतीसच्या आत पंधरावा आणा.

कोठावदेशेठ लांब गेले नाहीत.
केबिनच्या काचेतून बघितलं फक्त,
प्रेस नंबर दोनकडे.

मन्साराम भोये, पेठकडचा.
नऊ वर्षं आमच्याकडे,
म्हणजे कुठेच नाही.
शनिवारी रोख, पाकिटातून.
पाकीट परत द्यायचं, पुढच्या शनिवारी तेच.
ज्या पोरांना त्यानं डाय बांधायला शिकवलं
ती चौदांत आहेत,
आणि आता कागदावर त्याला वरिष्ठ.

मी फॉर्म भरला.
रुजू होण्याची तारीख: एक जानेवारी.
पूर्वीचा अनुभव:
इथे मी थांबले, चहा आला, चहा प्यायले,
आणि लिहिलं, निरंक.

केवायसीच्या यंत्रानं उजवी तर्जनी मागितली.
त्यानं हात पुढे केला, मागे घेतला,
डावा दिला.
यंत्राला काही वाटलं नाही, हिरवा दिवा लागला.

फेब्रुवारीत जिल्हा उद्योग केंद्रातून तपासणीला साहेब आले.
सज्जन माणूस, बूट बाहेर काढायला निघाला होता.
पंधरा जण ओळीत उभे केले आम्ही,
शाळेसारखे.
साहेब म्हणाले, हे बोट?
शेठ माझ्याकडे बघायला लागले.
मी फाइलकडे.
फाइलीत बोटाला जागा नव्हती,
बोट गेलं तेव्हा तो रुजूच झाला नव्हता.

गावाकडं गेलं साहेब, मन्साराम बोलला,
कडबाकुट्टीत.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला असं म्हणायला.
पेठेत त्याचं रान डोंगरउताराचं, नागली-वरईचं.
कडबाकुट्टी घरात नाही, वाडीतही नाही,
हे मला ठाऊक,
कारण उचल मागायला आला की तो सगळं सांगतो,
न विचारता.

साहेबांनी खूण केली.
बरोबरची.

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी पेढे.
त्याच आठवड्यात त्याला पहिली पगारस्लिप दिली मी.
उभ्यानं वाचली, मग उलटी करून मागची कोरी बाजू वाचली.
म्हणाला, बाई, यात लिहिलंय मी नवा आहे.
हो.
मग पहिले सहा महिने मला प्रेसवर एकटं सोडता येत नाही.
नियम आहे ना तो? भिंतीवर लावलाय.
आणि हसला,
खरंच हसला, पेढा अजून तोंडात होता.
मी पण हसले असेन.

त्याचा यूएएन नंबर बारा आकडी.
त्यानं तो मुलीकडून शाळेच्या वहीत लिहून घेतलाय,
आजारपणात कामाला येईल म्हणून.
येईल. ते खोटं नाही.
या योजनेमुळेच तो सरकारला दिसला,
हेही मी कुणाशी भांडताना सांगेन.

कच्ची वही मात्र माझ्याकडे आहे.
निळ्या पुठ्ठ्याची, माझ्याच अक्षरातली.
म.भो., शनिवार, म.भो., शनिवार,
आणि मध्ये एका ऑगस्टात
म.भो., ड्रेसिंग व रिक्षा, तीनशे चाळीस.
त्यापुढे दोन शनिवार कोरे.

जाळून टाका ती, शेठ म्हणाले.
जाळली नाही.
जपून ठेवलीय असंही नाही.
खालच्या खणात आहे, जुन्या चलनांखाली,
आणि रद्दीवाला
महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतो.