बोहरा बाजारात, '९३

मुर्तझाभाईंनी बिस्किटांच्या डब्यातून तीन काढले.
एकाचं झाकण रबरबँडनं बांधलेलं,
दुसऱ्याच्या सेलच्या खणात हिरवा गंज,
तिसरा ठीक. म्हणजे सेल घातल्यावर
त्यानं कासवासारखी मान बाहेर काढली
आणि फ्लॅश डासासारखा गुणगुणत भरत गेला.

नऊशे म्हणाले. सातशेवर
दोघंही थोडे नाराज, म्हणजे भाव बरोबर होता.

'तारखेचं बघून घे, भिया.
कंपनीनं याच्यात दोन हजार एकोणीसपर्यंतचीच सालं भरली.
पुढचं याला येत नाही.
मागचं कुठलंही लाव.'

टाचणीनं बारीक बटण दाबत गेलो,
'८७, '८८...

आमच्या अल्बममध्ये '९१च्या दिवाळीनंतर
एकदम ताईचं लग्न, '९६.
मधे मिलचा भोंगा थांबला होता
आणि बाबा सियागंजात दुसऱ्याची पोती मोजत होते.
रोल कोण आणणार?
तेव्हा आम्ही कसे दिसायचो
कुणालाच नक्की सांगता येत नाही.

'९३ला बोट थांबलं.

मुर्तझाभाई हसले. 'तेव्हा मी अकराचा,
याच फळीवर बसून लेन्सा पुसायचो.'
म्हटलं, मग हलू नका.

खट्.
कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटले असतील.
कळायला तीन आठवडे,
रोल कुरिअरनं पुण्याला जाणार,
धुलाई जवळजवळ कॅमेऱ्याइतकीच.

पस्तीस उरले.
घरी गेल्यावर बाबांना
शर्टाची वरची गुंडी लावायला सांगेन.
कशाला, विचारतील.
साल मात्र सांगणार नाही.