चमच्याला बंदी

शुक्रवारी दुपारी, महबूलात, चौथ्या मजल्यावर
आम्ही चौघे चारशे मीटर पळतो.
गादीवर बसून.

डावं बटण, उजवं बटण, डावं, उजवं,
जितक्या झपाट्यानं दाबाल
तितका पडद्यावरचा माणूस पळतो.
निळी बंडी. चेहरा धड नाही,
पण कानामागचा घाम कुणीतरी मन लावून काढलाय.
मशीन तांडेलच्या मेहुण्यानं जुन्या बाजारातून आणलेलं,
एका कंट्रोलरला पोटावर इन्सुलेशन टेप.

लोकेंद्र चमचा वापरायचा.
स्टीलचा, पालथा, बटणांवरून खरवडत न्यायचा,
आणि त्याचा माणूस
आईच्या पोटातून आलेल्या कुठल्याही माणसाआधी पोचायचा.
तांडेल सदऱ्याचं टोक बोटाला गुंडाळून घासतो.
रोसेंदोचा नुसता अंगठा, वर जीभ बाहेर.
मे महिन्यात ठराव झाला, फ्रिजवर चिकटला:
चमच्याला बंदी.
खाली चौघांच्या सह्या, लोकेंद्रची सगळ्यात बारीक.

पंच मी. कारण मी खरोखर पळालोय.
कुडाळचं मैदान, जिल्हा स्पर्धा,
चुन्याच्या रेघा, चौथी लेन, अनवाणी.
"तर तू सांग," तांडेल म्हणाला,
"हे खऱ्यासारखं आहे का?"

मी म्हटलं, छे.
पळताना कुणी इतकं झटापट करत नाही.
गुरव सर काठावरून ओरडायचे,
जबडा सोड, खांदे सोड,
चिमटीत पापड धरलायस समज, मोडता कामा नये.
पहिले दोनशे मीटर पाय मागावे लागत नाहीत,
येतात आपसूक.
इथे पहिल्या पावलापासून दातखीळ.

मग म्हटलं, थांब.
शेवटचे ऐंशी मीटर.
तिथे असंच होतं रे, अगदी असंच.
तुम्ही दाबत राहता, डावा, उजवा, डावा,
आणि आत कुणी उचलतच नाही.
मांड्या शेजाऱ्याच्या, छाती उसनी,
शिट्ट्या कुठल्या तरी दुसऱ्या गावातून येतात.
आणि ही जी आग मनगटातून कोपराकडे चढतेय,
हिला मी ओळखतो.
बावीस वर्षांनी आली, हात चुकून. पोटरीत यायची.

"म्हणजे आहे का नाही?"
"मग चमचा परत द्या," लोकेंद्र म्हणाला,
"खऱ्या शर्यतीतही कुणीतरी आणतोच."
यावर पंचाकडे नियम नव्हता.
रोसेंदोनं कुबूस गरम करायला घेतला.

रात्री मुलाला फोनवर सांगितलं तर हसला.
बाबा, असं धबाधबा आता कोण खेळतं?
नव्या गेममध्ये टायमिंग असतं.
एकदाच दाबायचं, बरोबर क्षणी.
एकदाच.
मी विचारलं, आणि तो क्षण गेला तर?
रेंज गेली.
मी इथे आलो तेव्हा
दोन वर्षांचं ठरलं होतं.

शनिवारी पहाटे पावणेपाच, साइटचं फाटक.
हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही.
सिमेंटनं रेघा खाल्ल्यात, उरल्या त्या काल बटणांवर गेल्या.
पुन्हा प्रयत्न करा, बाई म्हणते, आधी अरबीत, मग इंग्रजीत,
दोन्हीत तितक्याच प्रेमानं.
पुसला, थुंकी लावली, दाबला.
पुन्हा. मागे चाळीस जण, बस धुरकटत उभी.
गुरव सर आठवले. जबडा सोडला,
अंगठा पापडासारखा अलगद टेकवला.
नाही.
मग नुसताच दाबत सुटलो,
उजवा, डावा, उजवा, डावा,
आणि रांगेतून लोकेंद्र, हळूच:
"दाजू, चमचा देऊ?"

अख्खी रांग हसली, ज्यांना हिंदी येत नाही तेही.
अकराव्यांदा हिरवा दिवा.
सात मिनिटं उशीर.
तेवढे कापले.