विसाला एक

सिंदेवाहीच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान,
झेरॉक्स, सातबारा, पॅनकार्ड, रिचार्ज.
शालिक गुरनुले आले दुपारी तीनला.
पिशवीत कंपनीचं पत्र,
पाकीट फाडलेलं नाही, कडेनं ब्लेडनं कापलेलं,
निवृत्त झाला तरी डाकवाला तो डाकवाला.
"पोरी, हे समजून सांग. इंग्रजी येते मले,
पण हे इंग्रजी नोहे."

वाचलं.
वीस शेअरचा एक होणार.
मग ती कंपनी दुसरीत जाणार,
पंचेचाळिसाला सात मिळणार.

त्यांच्याकडे सतरा हजार तीनशे पन्नास.
आजचा भाव साठ पैसे.
गावात त्यांना सतरा हजारवाले म्हणतात.
रुपये की शेअर, कुणी विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.

म्हटलं, काका, धान मोजता तसंच.
वीस कुडो झाले की खंडी.
धान तेवढंच, तोंडानं बोलायचा आकडा लहान.
"खंडी करताना वरचं अर्धं कुडो
आमी कोठीत परत टाकतो," ते म्हणाले.
"हे लोक कुठं टाकतेत?"

आठशे सदुसष्ट, आणि वर अर्धा.
अर्धा शेअर नसतो, काका.
तो विकून पैसे देतील. सहा रुपये.
मग आठशे सदुसष्ट गुणिले सात
भागिले पंचेचाळीस:
एकशे चौतीस.
मागे शेपूट, आठ सहा सहा सहा,
कॅल्क्युलेटरची खिडकी संपेस्तोवर.
शेपटाचे सहासष्ट रुपये श्याऐंशी पैसे.

त्यांनी पेन मागितला.
पत्राच्या पाठीवर सगळा हिशेब उलटा चालवला,
एकशे चौतीसपासून मागे, पायरी पायरीनं,
मनिऑर्डरीची रोख जुळली नाही की
संध्याकाळी पोस्टात बसत असतील, तसे.
जुळलं. दहा हजार चारशे दहा.
पैशाला पैसा.
मी म्हटलं, बघा, गेलं काहीच नाही.
"नाही ना," म्हणाले,
आणि चष्मा पुसत राहिले. काच कधीची स्वच्छ झाली होती.

बाहेर नागभीडची गाडी लागली, भरली, गेली.

"अन् ज्याच्याजवळ दहाच असन, त्याचं?"
दहा भागिले वीस.
मी बोलले नाही, खिडकी त्यांच्याकडे फिरवली.
शून्य, टिंब, पाच.
"म्हणजे नाव?"
यादीतून जाईल, काका.
सहा रुपये खात्यात येतील.

दहा भागरथाबाईंच्या नावावर होते.
अगदी पहिले घेतलेले, हात लागावा म्हणून.
घर दिराच्या नावावर, बोडी पुतण्याच्या,
विजेचं बिल अजून मेलेल्या सासऱ्याला येतं.
या एका कागदावर त्या कशाच्या तरी मालकीण होत्या,
आणि कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

म्हटलं, पैसे आले की मोबाइल वाजेल.
"असे नाही देत पैसे," ते म्हणाले.
पहिल्यांदाच जरा आवाज चढला.
"एकतीस वर्सं दारात जाऊन, मोजून दिले मी.
एक पावती छाप.
रुपये सहा. अंकी. अक्षरी.
खाली सहीले जागा मोठी ठेव."

छापली. पैसे घेतले नाहीत,
तर दोनाचं नाणं काउंटरवर ठेवूनच गेले.

पौषात परत आले.
तीच पावती, दोन घड्या, हळदीचा एक डाग.
"झेरॉक्स काढ. ऑफिस कॉपी."
सहा रुपये फक्त मिळाले.
खाली भागरथा, मोठ्या अक्षरात, चढत चढत,
"था" कागदाच्या पार कडेला टेकलेला.

झेरॉक्समध्ये तो "था" कापला गेला.
ते काही म्हणाले नाहीत.
मी झाकण उघडलं,
कागद बोटभर सरकवला,
आणि पुन्हा काढली.