साचा, आवृत्ती सातवी

पहिल्या आवृत्तीत पाच चेहरे होते,
पिवळे, गोल, ओठांचा बाक तेवढा वेगळा.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
मंगळवारच्या गटात मी टॅब फिरवला:
आज यातली तुम्ही कोण?
आठ बायका एकमेकींकडे बघून हसल्या
सहाव्याच चेहऱ्याने.
तो माझ्याकडे नव्हता.

मग चेहरे काढले, चौकोन आणले.
दिवसाला एक, बोटाने रंगवा, काहीही काढा,
सात उभ्या रांगा, रविवार लाल.
सत्यभामा खवणेकरने पान वर सरकवलं, खाली सरकवलं.
"माका अवसेक झोप लागणा नाय.
तुझ्या महिन्यात अवस खंय आसा?"
खाली बर्फाची लादी यंत्रात गेली,
त्या आवाजात मला उत्तर द्यावं लागलं नाही.

घरी येऊन सात रांगा मोडल्या.
आता अवसेचं घर उंच, उधाणाइतकं,
मग रोज थोडं बुटकं, अष्टमीला भांगाची भरती,
तिथे जेमतेम एक ठिपका मावेल,
आणि पुनवेकडे पुन्हा चढण.
डॉक्टर वालावलकरांची मेल आली:
घरं सारखी नसतील तर आकडे जुळवायचे कसे?
मी लिहिलं, दिवस तरी कुठे सारखे असतात.
पुसलं. लिहिलं, बघते.

रंगांना मी नावं दिली होती: शांत, अस्वस्थ, खिन्न.
ती कुणी वाचली नाहीत.
जैतुनबीने पदराने काच पुसली आणि म्हणाली,
तो सुकटीचा रंग दे.
तो पाण्यावरच्या डिझेलचा, हलणारा.
हलणारा रंग करायला मला चार रात्री लागल्या.

लुर्दीन फर्नांडिसने अकरा दिवस सुकटीचाच रंग वापरला.
आलेख सपाट. खाली आपोआप ओळ उमटली:
बदल आढळला नाही.
मी दोन बोटांनी एक घर मोठं केलं.
आत खुर्ची होती, रेघेरेघेची, रिकामी.
दुसऱ्या घरात तीच खुर्ची. तिसऱ्यात तीच.
सातव्यात खुर्चीवर उशी.
नवव्यात उशी थोडी चेपलेली.
अकराव्यात मांजर.
ती ओळ मी त्याच रात्री काढून टाकली.
डॉक्टरांना मांजराबद्दल कळवलं नाही,
ते कुठल्या रकान्यात भरायचं ते मलाच कळेना.

राहिली कोरी घरं.
ती राखाडी दिसायची, कोपऱ्यात उद्गारचिन्ह,
नोंद चुकली.
सत्यभामाची चतुर्थी ते नवमी, सहा उद्गारचिन्हं ओळीने,
शाळेत बाकावर उभं केल्यासारखी.
मी फोन केला. काय झालं होतं?
"हात ओले होते गो.
तुझी काच ओल्या हातांका दाद दिना नाय."
मागे नळ चालू होता, कुणीतरी खोकत होतं,
बांगडा आला होता, की दुसरं काही,
मी विचारलं नाही.
तिनेही फोन ठेवला नाही लगेच.

सातव्या आवृत्तीत कोरं घर कोरंच राहतं.
इशारा नाही, राखाडी नाही.
बोट टेकलं तर एवढंच विचारतं:
हात ओले होते?
खाली बटण एकच, हो.
डॉक्टर म्हणाले, नाही चंही हवं, नियम आहे.
मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत.

काल रात्री सगळं तपासून पाहिलं,
उधाणाची घरं, डिझेलचा रंग, बटण.
तपासणीसाठी एक पान माझ्या नावाचंही आहे,
पहिल्या दिवसापासून.
तीन अवसा, तीन पुनवा,
एकाही घरात काही नाही.
बोट टेकलं. विचारलं त्याने.
मी हाताकडे पाहिलं.
कोरडा ठणठणीत.